न कापता शिवलेलं लुगडं

सुती लुगडं शिवायला घेण्याआधी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावं. पहिल्या धुण्यात सूत आटतं, आणि न भिजवता शिवलेलं लुगडं पुढच्या सणाला घोट्याच्या वर चढून बसतं. बादलीत गार पाणी, रंग धरून राहावा म्हणून मूठभर मीठ, आणि घडी मोडून सोडलेले नऊ वार. डिसेंबरअखेरीस बुलढाण्याचं पाणी बोटांना झोंबतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं हे गाव. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा थंडी इथे आधी येते आणि उशिरा जाते. त्या पाण्यात हात घातला की माझ्यापुरती जिजाऊंची जयंती सुरू झालेली असते.

12 जानेवारीला सिंदखेड राजात काय असतं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. 1598 साली त्या दिवशी लखुजी जाधवांच्या वाड्यात, म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. सूर्योदयाला वाड्यात पूजा होते आणि मग दिवसभर गावात माणसं मावत नाहीत. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सगळीकडून गाड्या भरून लोक येतात. शाळांमधून तर 3 जानेवारीपासूनच, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीपासून, उत्सवाचे दिवस सुरू होतात. कुणी सावित्री होतं, कुणी जिजाऊ. छोट्या मुली मोठ्या मापाच्या नऊवारीत पिना टोचून घेत उभ्या असतात, कारण ती नऊवारी भाड्याची असते आणि संध्याकाळी परत द्यायची असते.

आता बहुतेक नऊवारी शिवलेलीच असते. नेसायला येत नाही म्हणून कुणी हळहळत नाही. सलवारीसारखी पायांत चढवली, नाडी बांधली, झालं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या मुलीला काष्टा घालता येत नाही तिलाही त्या दिवशी काष्टा हवासा वाटतो, ही चांगलीच गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की तो शिवायचा असेल तर आपण शिवावा.

शेजारच्या काकू शेगावकडच्या. खाटेवर पसरलेलं ओलं लुगडं पाहून त्या दारातूनच म्हणतात, “कायले मरमर करतं वं? बजारात शिवलेलं भेटते, इकत घे ना.” पैशाने पाहिलं तर काकूंचं बरोबर आहे. लुगडं, अस्तर, दोरा, हूक, नाडी असं सगळं धरलं तर घरी शिवलेलं फारसं स्वस्त पडत नाही, आणि वेळ जातो तो वेगळा. संध्याकाळी स्वयंपाक आवरल्यावर मशीनवर बसायचं, डोळे दुखेपर्यंत टीप मारायची, सकाळी उजेडात पाहून त्यातली निम्मी उसवायची. तरीही मी शिवते, आणि त्याचं पहिलं कारण आमच्या जिल्ह्याच्या मातीत आहे.

आमचा जिल्हा कापसाचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी जमीन आहे, तिच्यात कपाशी उभी असते. दसऱ्याच्या आगेमागे बोंडं फुटतात, वावरात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग वेचणीला हात लागतो. बायका ओळीने उभ्या राहतात, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो, संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोवर मजुरी मिळते. तिथून कापूस जिनिंगला जातो. सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रक निघून जातो. वेचणाऱ्या बाईचा आणि त्या कापसाचा संबंध तिथे संपतो. दिवाळीला ती जी साडी घेते ती दुकानातून घेते.

हे असं आपोआप झालेलं नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर स्थिरावली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव ही रेल्वेची छोटी शाखा सुरू झाली. त्या सोहळ्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. खामगावच्या बाजारातला कापूस थेट बंदराकडे निघावा यासाठी ती रेल्वे होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे कापूस आयुक्त होते हॅरी रिव्हेट-कार्नाक. त्यांनी मनातलं झाकून ठेवलं नाही. रेल्वे आली की विलायती कापड इथे इतकं स्वस्त येईल की इथल्या मागावरचं कापड त्याच्यापुढे टिकणार नाही. मग घरच्या सुतासाठी राहणारा कापूसही निर्यातीला मिळेल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील, अशी आशा त्यांनी सरकारी कागदावर नोंदवून ठेवली आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मशीन बंद करून बसून राहिले. हात मोकळे होतील! ज्या हातांना धाग्याची जाण होती त्या हातांविषयी हे लिहिलं होतं.

पेरणी आपल्याकडे राहिली. डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी आपल्याकडे राहिली. पिंजणं, कातणं, रंगवणं, विणणं दूर निघून गेलं. इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेलं लुगडं बुलढाण्याच्या दुकानात येतं, तेव्हा कापूस कुठल्या कुठे फिरून कापड होऊन परत आलेला असतो. त्याच्यावर आपला हात पुन्हा पडू शकतो अशी एकच जागा उरली आहे, ती शिवताना. एवढ्या लांब कामातला शेवटचा तुकडा आपल्या वाट्याला उरला आहे. तोही बाजाराला देऊन टाकायचा का, हा प्रश्न मला खरोखर छळतो. इतर दिवशी मी तो फार मनावर घेत नाही. अंगावर विकतचे कपडे असतात. सणाला मात्र घेते. सणाला आपण ज्वारी-गहू निवडून घेतो, पुरण स्वतः वाटतो, अंगण स्वतः सारवतो. पोशाख तेवढा परका का असावा?

लुगडं वाळलं की इस्त्री न करता हाताने झटकून उभा धागा आणि आडवा धागा सरळ करून घ्यायचा. मग माप. आणि इथे दुसरं कारण येतं, जे काकूंना सांगायला मला संकोच वाटतो.

दुकानात एम, एल, एक्सएल असे साचे टांगलेले असतात. बाईने आपलं अंग त्यात बसवायचं आणि बसलं नाही तर मनात खजील व्हायचं. ब्लाऊज शिवायला टाकताना टेप छातीला लागला की श्वास आत ओढून उभ्या राहणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. माप खोटं निघतं, ब्लाऊज घट्ट होतो आणि दोष अंगाला दिला जातो. स्वतःचं माप स्वतः वहीत लिहायचं असलं की असा श्वास ओढून चालत नाही. बाळंतपणानंतरची कंबर जेवढी आहे तेवढी लिहावी लागते. चाळिशीनंतर दंड भरतात, मुंढा मोठा घ्यावा लागतो. एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली असतो, कारण वर्षानुवर्षं एकाच कडेवर मुलं आणि एकाच हाताला पिशवी. हे सगळं आकड्यांत वहीत उतरतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. आपल्या शरीराशी इतकं सरळ बोलणं आपल्याकडे बायकांना फार थोड्या वेळा जमतं. मला ते शिवणाने शिकवलं.

आसनाचं माप तर बसून घ्यायचं असतं, मांडी घालून, जमिनीवर. जयंतीच्या दिवशी सिंदखेडला सभेत खाली बसायचं असतं, वाड्याच्या पायऱ्या चढायच्या असतात, मैदानातून चालायचं असतं. उभं राहून आरशात छान दिसणारी विकतची नऊवारी बसताना आसनात ताणते आणि शिवण बोलते. काष्ट्याचं लुगडं हे मुळात काम करणाऱ्या बाईचं वस्त्र आहे. रोवणी, कापणी, विहिरीचं पाणी, डोक्यावरचा भारा, सगळं त्यात झालेलं आहे. घोड्यावरची मांडही त्यातच बसली. पाय मोकळा राहील असंच ते शिवलं पाहिजे.

न शिवलेल्या लुगड्याचा एक मोठा गुण मला नेहमी थांबवतो. तेच नऊ वार आजीला बसतात, आईला बसतात, नातीलाही बसतात. जाड-बारीक, उंच-बुटकी, गरोदर, सगळ्यांना ते सामावून घेतं. शिवलं की ते एकीचंच होतं. म्हणून मी कात्री लावत नाही. साडी न कापता नऊवारी शिवायची एक रीत आता बायकांमध्ये चांगली रुळली आहे. मी तीच धरते. जादा कापड आत दुमडायचं, कमरेच्या पट्टीत निऱ्या बसवून आधी कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून चार पावलं चालून पाहायचं, ओचा कुठे लोंबतो ते बघायचं, मग पक्की टीप. पोटरीवरून जाणारा काठ तिरका पडतो तिथे घाई केली तर सगळं बिघडतं. त्या जागी मी मशीन सोडून हातशिलाई करते. शिवणीत दोन बोटं माया ठेवते. उद्या कंबर वाढली तर टीप सरकवता येते, आणि कुणाला नेसायचंच असेल तर सगळे टाके उसवून पुन्हा पूर्ण नऊ वार हातात येतात. ज्यांना कापून शिवणं सोपं वाटतं त्यांनी तसं जरूर करावं. मला मात्र त्या अखंड कापडात हात घालताना अजूनही धीर होत नाही.

चोळी वेगळी शिवते. तिला कात्री लागतेच. आमच्या घरातल्या जुन्या बायका खणाची चोळी हाताने शिवत, मशीनशिवाय, पुढे गाठ मारायची. त्यांचा बखया इतका बारीक असे की उलटीकडूनही सुलट वाटावा. तेवढं माझ्याकडून होत नाही. धावदोरा, बखया, काजटाका, तुरपाई एवढे टाके मी राखले आहेत, आणि चोळीच्या हुकांची बाजू हातानेच करते.

आणि खिसा! विकतच्या नऊवारीत तो क्वचितच असतो. जुन्या बायकांची कनवट होती, तिच्यात नाणं खोचलेलं असायचं. कमरेला चंची असायची, तिच्यात पान-सुपारी आणि पैसे. शिवलेल्या नऊवारीने कनवट काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. मी उजव्या बाजूला, निऱ्यांच्या घडीखाली अस्तराचा खोल खिसा लावते. त्यात मोबाइल जातो, थोडे पैसे जातात, एसटीचं अर्धं तिकीट जातं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं, तेव्हापासून चिखली-देऊळगाव राजा मार्गे सिंदखेडला जाणाऱ्या गाड्यांत जयंतीच्या दिवशी बायकांचीच गर्दी जास्त दिसते. गर्दीत पर्स सांभाळत चालणारी बाई आणि दोन्ही हात मोकळे असलेली बाई, या दोघींचा सण एकसारखा होत नाही.

स्वतःच्या सणाचा पोशाख स्वतः शिवायचा, हे काही मी नवं सांगत नाही. मेहकर-लोणार भागात बंजारा तांडे आहेत. तिथल्या जुन्या बायकांचा फेटिया आणि कांचळी पाहावी. आरसे, कवड्या, नाणी, रंगीत दोऱ्यांचं भरतकाम. इंचभर जागा मोकळी नाही. दिवसभर रानात राबून, दुपारच्या सावलीत आणि रात्रीच्या उजेडात महिनोन्‌महिने त्यांनी ते भरलेलं असतं, स्वतःसाठी आणि लेकीसाठी. श्रावणात तीज येते, मुली टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि त्या सणाला हे कपडे पेटीतून बाहेर निघतात. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्या तांड्यांवरची तीच कला हळूहळू म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर आणि पेट्यांमध्ये उरते आहे. तरुण मुलींना रानातल्या, ऊसतोडीच्या, शिक्षणाच्या धावपळीत तेवढा वेळ कुठून मिळणार? त्यांना दोष देता येत नाही. पण ते टाके एकदा हातातून गेले की पुस्तकातून परत येणार नाहीत, याची मला फार काळजी वाटते.

दसरा-दिवाळीत गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मशीनला उसंत नसते. रात्री उशिरापर्यंत पायडलचा आवाज येतो. सगळ्या गल्लीचे ब्लाऊज वेळेवर मिळतात, तिचा स्वतःचा ब्लाऊज मात्र लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घाईघाईने शिवलेला, कधी तोही नाही. काष्टा कसा बसवायचा हे मला तिनेच दाखवलं, तिचं काम थांबवून, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. स्वतः मुंढा जोडून पाहिल्यापासून माझ्याच्याने शिलाईत घासाघीस होत नाही. बाही मुंढ्यात बसवताना जी चूण पडते, ती न पडू देणं किती कठीण आहे हे कळल्यावर कुठल्या तोंडाने म्हणायचं की दहा रुपये कमी कर? घरी शिवणाऱ्या बायका वाढल्या तर शिलाई करणाऱ्यांचं काम जाईल असं कुणी म्हणतं, मला तसं वाटत नाही. त्यांच्या कामाची खरी किंमत ओळखणारी गिऱ्हाइकं वाढतील.

नामदेव महाराज शिंपी होते. त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई ही घरची अवजारं नामाच्या कामाला लागलेली दिसतात, आणि ते पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसलं आहे. ज्या हातांनी बाह्या जोडल्या त्याच हातांनी टाळ धरले. मला त्यातलं अध्यात्म फार कळतं असं नाही, पण मशीनवर बसल्यावर एकेका टीपेबरोबर मन निवळत जातं हे मी अनुभवते. सुई चालू असताना दुसरा विचार धरून ठेवता येत नाही. धरला तर टीप वाकडी होते. त्या तासाभरात दिवसभराचं बोलणं, कुणाचा राग, उद्याची चिंता, सगळं बाजूला सरतं. आणि जिजाऊंची जयंती म्हणून शिवते आहे हे मनात असतं. 17 जून 1674 रोजी, लेकाच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, पाचाडला त्यांनी देह ठेवला. त्याआधीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं काही उभं करण्यात गेलं. अशा बाईच्या जन्मदिवशी अंगावर निदान आपल्या मेहनतीचं काही असावं, असं वाटत राहतं.

मुलींना हे शिकवतोच, मुलांनाही शिकवावं. शिंप्याच्या दुकानात पुरुष शिवतो तेव्हा कुणाला नवल वाटत नाही, घरात मात्र सुई मुलीच्याच हातात दिली जाते. माझा मुलगा बॉबिन भरतो, मशीनला तेल घालतो, आणि कुर्त्याचं तुटलेलं बटण आता स्वतः लावतो. फेटा शिवायला नको, बांधायला शिकायचाय, असं त्याचं म्हणणं आहे. चालेल.

सिंदखेडला पोचलं की एक गोष्ट दरवर्षी घडते. रंगमहालाजवळ, जिथे रंगपंचमीच्या खेळात छोट्या जिजाऊ आणि शहाजी यांची जोडी जमल्याची कथा सांगतात, तिथे बायकांची मोठी गर्दी असते. कुणीतरी काठ हातात धरून विचारतं, “कुठून घेतलं?” घरी शिवलं म्हटलं की विचारणारीचा चेहराच बदलतो. ती खाली वाकते, कमरपट्टी उलटी करून शिवण पाहते, अनोळखी असूनही काष्ट्याला हात लावते, मैत्रिणींना बोलावते. कुणाला खिसा दाखवावा लागतो. कुणी वहीच्या कागदावर पेनाने निऱ्यांची मांडणी काढून मागते. या वर्षी मेहकरकडच्या एका आजींनी आपल्या नेसलेल्या लुगड्याशी माझ्या लुगड्याची तुलना केली, ओचा हाताने ओढून पाहिला आणि म्हणाल्या, “टाके चांगले हायेत, पण पुढं लई वर घेतलंस. दोन बोटं खाली सोड. अन् मागचा काठ आधी लावत जाय, निऱ्या मंग.”